समोरच्याला दिलेलं मत

हॅदरबीच्या गुरुवारच्या बाजारात एनिड कॉथॉर्नच्या चीजच्या ठेल्यासमोर उभं राहिलं की आधी हातात तुकडा पडायचा, मग बोलणं सुरू व्हायचं. तारेने कापलेला बोटभर तुकडा ती सुरीच्या टोकावर पुढे करायची आणि म्हणायची, "आधी खा. मग नाही म्हणायचं असेल तर म्हण." नाही म्हणणारा क्वचितच भेटायचा. आधी तिच्या वडिलांनी आणि नंतर तिने, दोन पिढ्या हा धंदा असाच चालवला होता. म्हणून त्या वर्षीच्या वसंतात तिने तुकडा देणं एकदम बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकं चक्रावली. घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशीसुद्धा एकाने हळूच केली.

घरी सगळं उत्तम होतं. एनिड जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभी होती.

तुकडा बंद करायला लावला होता तिच्या भाचीने, रोवेनाने. रोवेना लिंकनला वकिलांच्या ऑफिसात कामाला होती आणि आत्याची निवडणूक प्रतिनिधी म्हणून तिनेच सही केली होती. उमेदवाराने मतदाराला खाऊपिऊ घालणं हा गुन्हा धरतात, हे तिने वाचून दाखवलं.

"तीस वर्षं देतेय मी," एनिड म्हणाली.

"तीस वर्षं तू उमेदवार नव्हतीस, आत्या."

एनिडने विचार केला आणि ठेल्यावर पाटी लावली: निवडणूक होईपर्यंत चव बंद, तक्रार कौन्सिलकडे करावी. रोवेनाने छापून आणलेल्या सगळ्या पत्रकांनी मिळून जेवढा प्रचार केला नसेल तेवढा त्या एका पाटीने केला.

तिचं मागणं एकच होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर विटांचं सार्वजनिक शौचालय होतं, ते कौन्सिलने खर्च परवडत नाही म्हणून बंद केलं होतं. दारावर लोखंडी पट्टी आणि तिच्यात हे मोठं कुलूप. तेव्हापासून बाजार आटत चालला होता. आधी भांडीवाला गेला, मग रोपंवाला, मग मासळीवाल्याने एक आड एक गुरुवार धरला. लोक म्हणायचे, सुपरमार्केटमुळे. एनिडलाही तसंच वाटायचं, ऑड्री स्वाबीला भेटेपर्यंत.

मिसेस स्वाबी शेजारच्या खेड्यातून बसने यायची, पाव पौंड भुसभुशीत चीज घ्यायची आणि परतीच्या बसपर्यंत दोन तास बाजारात काढायची. ती यायची थांबली. म्हातारी गेली असेल असं समजून एनिड एका रविवारी फुलं घेऊन तिच्या घरी गेली, तर दार तिनेच उघडलं, चांगली ठणठणीत. चहा ओतता ओतता, मान खाली घालून तिने सांगितलं, "माझ्या वयाला दोन तास कसे काढायचे, तूच सांग. कॅफेत जावं तर चहा घ्यावा लागतो. चहा घेतला की पुन्हा तीच पंचाईत."

एनिडने फुलं तिच्या हातात दिली, घरी आली आणि नवऱ्याला, क्लिफर्डला, म्हणाली की मी उभी राहतेय. क्लिफर्डने वाफ्यातून मान वर न करता विचारलं, "कुठल्या पक्षातून?"

"कुलूप काढणाऱ्या."

दारोदार फिरतानाही तिने दुसरं काही सांगितलं नाही. रस्ते, घरपट्टी, कचऱ्याचे डबे, कुणी काहीही विचारलं तरी ती म्हणायची, त्यातलं मला तुमच्याएवढंच कळतं, पण कुलूप मी काढणार. इतक्या ठामपणे सांगायची की लोकांना वाटे, किल्ली हिच्या खिशातच असावी.

समोर उभा होता डेस्मंड हार्कर. हा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, आता निवृत्त झाला होता आणि गेल्या चार निवडणुका त्या वॉर्डातून सहज निवडून येत होता. आवाज अजून लिलावाचाच. शौचालय बंद करण्याच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत तोही होता. पण माणूस वाईट नव्हता. एनिडला तो चांगला ठाऊक होता, कारण दोघं एकाच बोल्स क्लबात होती. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी कापलेल्या हिरवळीवर काळे गोळे घरंगळवायचे, आणि ज्याचा गोळा छोट्या पांढऱ्या गोळ्याच्या जास्त जवळ गेला त्याची पाठ थोपटायची, असा तो खेळ.

त्या क्लबाची एक रीत होती. दरवर्षी कॅप्टन निवडायला चिठ्ठ्या टाकत, आणि जो स्वतः उभा असेल त्याने आपली चिठ्ठी समोरच्याच्या नावाने टाकायची. असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. स्वतःचं नाव स्वतः लिहिणं म्हणजे ताटातला मोठा तुकडा आपणच उचलणं, असं तिथे सगळे मानत.

मतदान गुरुवारीच होतं. एनिड सकाळी ठेला लावून, एप्रनवरच मतदान होतं त्या समोरच्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये गेली. दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. कागदावर दोनच नावं होती. तिला फार विचार करावा लागला नाही. तिने हार्करच्या नावापुढे मताची फुली मारली, कागद दुमडला, पेटीत टाकला आणि गिऱ्हाईक खोळंबलं असेल म्हणून लगबगीने परत आली. आपण निवडून येणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. जिंकणाराच असं वागू शकतो, असंही तिला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती ती जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात. बास्केटबॉलच्या जाळ्या वर बांधून टाकल्या होत्या, खाली टेबलांच्या रांगा होत्या आणि पलीकडच्या पोहण्याच्या तलावाचा क्लोरीनचा वास सगळीकडे भरून राहिला होता. मोजणारी माणसं बोटात रबरी टोप्या घालून कागद सुटे करत होती. उमेदवारांनी टेबलाच्या अलीकडे उभं राहायचं, बघायचं, हात लावायचा नाही. हार्करच्या कोटावर पक्षाच्या निळ्या रिबिनीचं फूल होतं. एनिडने ठेल्याच्या छपराचं हिरवं-पांढरं कापड उरलं होतं, त्याचं फूल करून लावलं होतं.

गठ्ठे शेजारी शेजारी वाढत गेले. रोवेना मान उंचावून बघत होती. एनिड क्लिफर्डने दिलेलं सँडविच खात होती.

शेवटी शंकास्पद मतपत्रिका आल्या. निवडणूक अधिकारी मिसेस वेदरॉल एकेक कागद वर धरून दोघांनाही दाखवत होत्या. एकावर एनिडच्या नावापुढे फुलीऐवजी हसरा चेहरा काढला होता. इरादा स्पष्ट आहे, मत धरलं. एकावर दोघांपुढेही फुली होती, ते बाद. एकावर फुली कुठेच नव्हती, नुसतं आडवं लिहिलं होतं: आधी कुलूप काढा.

"हे आमचं," रोवेना म्हणाली.

मिसेस वेदरॉलनी एनिडकडे पाहिलं.

"फुली नाही त्यावर," एनिड म्हणाली. "बाद करा."

रोवेनाने डोळे मिटून घेतले.

आणि मग आकडे आले. हार्कर पाचशे चौदा, एनिड पाचशे तेरा. रोवेनाने लगेच फेरमोजणी मागितली. ती मिळाली. टोप्या घातलेली बोटं पुन्हा एकदा सगळ्या कागदांवरून फिरली. हार्कर पाचशे चौदा, एनिड पाचशे तेरा.

"एक मत," रोवेना म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "एक माणूस, आत्या. कुणीतरी एक माणूस तिकडे जाण्याऐवजी इकडे वळला असता तर आज तू आत होतीस. कोण असेल तो?"

एनिडने सँडविचचा कागद घडी करून खिशात घातला. "मी," ती म्हणाली.

रोवेनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली. एनिड तिच्याजवळ गेली. क्लबातली रीत तिला शांतपणे समजावून सांगितली.

"हा क्लब नाही, आत्या."

"माणसं तीच आहेत ना. समोरही आणि इकडेही."

"म्हणजे आपण महिनाभर दारोदार फिरलो, पायाला फोड आले, नवऱ्याच्या वाढदिवसाला मी गेले नाही, आणि तू..."

"पाचशे तेरा लोकांना तू बाहेर काढलंस. ते कुठे जात नाहीत." एनिडने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही. शपथ घाल म्हटलंस तर घालते."

एवढ्यात हार्कर आला. जिंकलेल्याने हरलेल्याशी हात मिळवायचा असतो, म्हणून आला होता, पण घामाघूम झाला होता. एका मताने जिंकणं त्याला सवयीचं नव्हतं. चांगली लढत दिलीस एनिड, तो म्हणाला, फारच थोडक्यात गेलं.

"थोडक्यातच गेलं," एनिड म्हणाली. हात तिने सोडला नाही. "मी तुम्हाला मत दिलं, डेस्मंड. क्लबात देतो तसं."

हार्कर हसायला लागला आणि थांबला. मनातल्या मनात त्याने हिशेब केला असावा, कारण त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तुम्हीही रीत पाळली असेलच," एनिड म्हणाली.

 लिलावात ज्याच्या आवाजाने बैलसुद्धा दचकत, त्या माणसाने कोटावरचं निळं फूल उगाच सरळ केलं. त्याने रीत पाळली असती तर पाचशे चौदा एनिडचे असते आणि पाचशे तेरा त्याचे. हे दोघांनाही एकाच वेळी कळलं, आणि रोवेनालाही. ती बाकावरून उठून पुढे आली, पण एनिडने मानेनेच तिला थांबवलं.

"तर मी तुमची मतदार आहे," एनिड पुढे म्हणाली. "ज्याला मत दिलं त्याच्याकडे काम घेऊन जाण्याचा मला हक्क आहे. गुरुवारी ठेल्यावर या. काम काय ते तुम्हाला माहीत आहे."

तिथून निघाल्यावर गाडी रोवेनाच चालवत होती. शहराबाहेर पडल्यावर म्हणाली, "तू हरलीस असं वाटतच नाहीये."

"गुरुवारी बघू," एनिड म्हणाली.

गुरुवारी पाटी उतरली होती आणि ठेल्यापुढे लोक पुन्हा तोंड चालवत होते. कुणी दुखवट्याच्या सुरात बोलायला लागलं की ती त्याच्या हातात तुकडा द्यायची. दुपारी हार्कर आला. रांगेत उभा राहिला, मधे घुसला नाही. त्याचा नंबर आला तेव्हा तिने त्यालाही सुरीच्या टोकावर तुकडा दिला.

"आता चालतं ना हे?" त्याने विचारलं.

"आता तुम्ही उमेदवार नाही, मीही नाही. खा."

त्याने खाल्लं. मग खाली बघत म्हणाला की ठराव उलटवायचा तर नुसतं भाषण पुरणार नाही, किती वेळ उघडं ठेवायचं, झाडलोट कोण करणार, हे सगळं मांडावं लागेल. एनिडने त्याला सांगितलं की सकाळी बाजार लागतो तेव्हा कुलूप ती उघडेल, मासळीवाला पुन्हा दर गुरुवारी यायला तयार आहे, संध्याकाळी ठेला आवरताना तो बंद करेल, झाडलोट कौन्सिलची. हे तिने निवडणुकीआधीच ठरवून ठेवलं होतं. हार्करने पाव पौंड चीज घेतलं, पुरते पैसे दिले आणि गेला. मतमोजणीच्या दिवसाचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. गावात मात्र कुजबुज झाली की हार्करला झालंय तरी काय, कारण उन्हाळाभर तो कौन्सिलच्या इमारतीत ज्याच्या-त्याच्या खोलीत जाऊन शौचालयावर बोलत होता, आणि तो बोलायला लागला की दोन मजले ऐकू जायचं.

सप्टेंबरात लोखंडी पट्टी निघाली. उद्घाटन एनिडने करावं असं हार्करने सुचवलं. तिने ठेला सोडून येणं जमणार नाही म्हणून कळवलं, गुरुवार होता. फीत त्यानेच कापली, आणि एनिडला ते टाळ्यांवरून कळलं. तिच्यासमोर तेव्हा ऑड्री स्वाबी उभी होती, पाव पौंड बांधून झालं होतं, आणि परतीची बस निघायला भरपूर वेळ आहे म्हणून ती अजून दोन ठेले हिंडून येणार होती.

ऑक्टोबरात बोल्स क्लबाची वार्षिक सभा भरली. कॅप्टनपदाला दोघंच उभी राहिली, एनिड आणि हार्कर. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जमा झाल्या. सेक्रेटरीने एकेक उघडून वाचली: कॉथॉर्न, कॉथॉर्न, कॉथॉर्न. ओळीने तेच नाव येत गेलं, सभा हसायला लागली. अगदी शेवटच्या चिठ्ठीवर तेवढं हार्करचं नाव निघालं.

कुणी दिलं हे कुणी विचारलं नाही. हार्करने खुर्चीतून वाकून एनिडकडे पाहिलं आणि पहिल्यांदा, लिलावाच्या आवाजात नाही, अगदी हळू विचारलं, "माझी कुठली होती, ओळखलंस?"

"ओळखली," एनिड म्हणाली. "चहा आणा आता. कॅप्टनचं ऐकायचं असतं."