सहीची मतं

आमच्या गिरणीगावचे खासदार एडमंड थ्रेलफॉल वीस वर्षं एकाच गोष्टीसाठी भांडले: मत गुप्त हवं. चव्हाट्यावर नाव पुकारून मत दिलं, की गिरणीमालक दुसऱ्याच दिवशी माणसाला घरी बसवायचा.

एकदाचा कायदा झाला आणि पहिल्याच निवडणुकीत साहेब दोन मतांनी पडले! तीन चिठ्ठ्या बाद झाल्या होत्या. तिन्हींवर ठळक सह्या होत्या, साहेबांवर जीव टाकणाऱ्या जोनास चांभाराची आणि त्याच्या दोघा भावांची.

"अरे, सही कशाला ठोकलीत?"

"मग काय साहेब, तुम्हाला मत चोरून देऊ? आम्ही मालकाला भितो होय?"

"थोडं भ्यायला काय झालं होतं रे!" साहेबांनी कपाळावर हात मारला.

बाईसाहेबांनी जोनासपुढे चहा ठेवला. "कायदा केलात, आता याला शिकवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वेळच वेळ आहे तुम्हाला."