आईसारखी आमटी

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले, पूर्णा जंक्शनचं क्वार्टर सोडून आम्ही परभणीत राहायला आलो, आणि थोड्याच दिवसांत हे एका खवय्यांच्या क्लबात शिरले. खवय्ये म्हणजे नुसते खाणारे नव्हेत, हौसेनं रांधणारे. एक दातांचे डॉक्टर, दोघं-तिघं बँकेतून निवृत्त झालेले, एक प्राध्यापक बाई. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं आणि यजमानानं स्वतःच्या हातानं काहीतरी खास करून घालायचं. घरातल्या दुसऱ्या कुणी त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा कडक नियम.

ज्या माणसानं जन्मात हातानं पाणी घेतलं नाही, तो आता मोबाइल समोर ठेवून छोट्या वजनकाट्यावर बटर मोजत होता. जिऱ्याच्या डब्यात ओरिगॅनो आलं, जिरं कुठं गेलं ते यांनाही आठवेना. खूश व्हावं की चिडावं, मला काही ठरवता येत नव्हतं. शेजारीण म्हणायची, "लय नशीबवान हाव तुमी." असेन बाई.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं, ते येसराच्या आमटीचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बोरीला, सासरच्या गावी, सासूबाईंनी मला येसर शिकवलं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून एकत्र दळायचा, आणि ते पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडायचं. चुलीपाशी माझ्यामागं उभं राहून त्यांनी ते करवून घेतलं आणि म्हणाल्या, "बसलं बघ तुझ्या हाताला." त्यांनी पास केलं, लेकानं मात्र कधीच नाही. हे भुरके मारत वाटी संपवायचे आणि वर म्हणायचे, "चांगली झाली. पण आईसारखी न्हाई."

सासूबाई गेल्या, तरी मी प्रयत्न सोडला नाही. लसूण वाढवून पाहिला, गूळ कमी केला, लोखंडी कढई काढली. काय कमी पडतंय ते कळेचना. यांनी एकदा तोंडानं म्हणावं, 'आईसारखी झाली,' एवढीच माझी इच्छा होती.

मग क्लबाची पाळी आमच्या घरी आली आणि विषय निघाला, आईच्या हातची चव. यांनी येसराची आमटी करायची ठरवली. येसर अर्थातच माझ्या डब्यातलं. मला नियमाप्रमाणे पाहुण्यांसोबत बाहेर सोफ्यावर बसवलं. आतून भांडी पडल्याचे आवाज येत होते आणि मी जागच्या जागी चुळबुळत होते.

आमटी आली. यांनी सगळ्यांना वाढलं, स्वतः एक भुरका मारला आणि चमचा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "आईची आमटी. अगदी तीच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चाखून पाहिली. पिठाच्या दोन-चार गुठळ्या सोडल्या तर ती माझीच आमटी होती, रोजची, तंतोतंत. मला भयंकर राग आला. मग यांच्या डोळ्यांकडं बघितलं, तर तो टिकेना. आणि मग हसू असं फुटलं की ठसका लागला समजून प्राध्यापक बाई पाणी घेऊन धावल्या.

त्यातली थोडी उरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तीच गरम केली, वाटीत घातली आणि भाकरीबरोबर यांच्यापुढं ठेवली. परीक्षा बघावी वगैरे काही मनात नव्हतं, अन्न वाया घालवायची मला सवय नाही इतकंच. यांनी भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले.

"चांगली झाली," म्हणाले. "पण आईसारखी न्हाई."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, कालचीच हाय ही. तुमी केलेली."

हे वाटीत बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं, परत वाटीत. वाटी उचलून पुन्हा एक भुरका मारला, डोळे मिटून, लक्ष देऊन. चेहरा पार गोंधळलेला.

"मग आता अशी का लागायली?" त्यांनी मला विचारलं.

मला काय विचारता! लग्न झाल्यापासून मी तेच तर विचारतेय.