आरशाच्या दिव्यातला चेहरा

हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या त्या उन्हाळ्यात क्रांती चौकाजवळ साड्यांचं एक तीनमजली दुकान उघडलं. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि दुकानाच्या दारात कारंजं. उद्घाटनाला फॅशन शो ठेवला होता. पडद्यामागचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. उस्मानपुऱ्यात माझा स्टुडिओ होता आणि पोटापाण्याचा धंदा म्हणजे स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो.

त्यात मी तरबेज होतो. जुन्या शहरातल्या माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, "लडकी का फोटू है ना मियाँ, लाइट सामने से, भरपूर." फ्लॅशच्या दोन पांढऱ्या छत्र्या समोर लावायच्या, उजेड गरजेपेक्षा जरा जास्तच सोडायचा. सावळी गव्हाळ होते, गव्हाळ गोरी होते. गालाचं हाड जातं, नाकाची सावली जाते, आया खूश होतात. अर्धं आयुष्य मी हेच केलं आणि वर त्याला कला म्हणत आलो.

शोच्या दिवशी एक मॉडेल आलीच नाही. मालकांनी दुकानात साड्या उलगडून दाखवणाऱ्या एका मुलीला साडी नेसवून उभं केलं. चाऱ्यापाण्यावाचून मेंढरं विकून हर्सूलच्या पुढं पत्र्याच्या खोलीत आलेल्या धनगराची ती थोरली. रंगानं काळी, मान ताठ. ती चालली तशा शो बसवायला मुंबईहून आलेल्या बाई खुर्चीत पुढं सरकल्या. मला म्हणाल्या, "हिच्या चेहऱ्याचा एक फोटो पाठवा, जशी आहे तसा. जाहिरातीसाठी बघतेय." मुलीनं ते ऐकलं.

"काम मिळंल का, सर?" तिनं मला विचारलं. "बा मजुरीला जातो आता. लई खोकतो."

मेकअपच्या खोलीत डोक्यावर ट्यूबलाइट होती. तिच्याखाली कुणाचेही डोळे खोल गेलेले दिसतात, म्हणून ती बंद केली. आरशाभोवतीचे पिवळे बल्ब तेवढे ठेवले. तिला आरशाजवळ तिरपी बसवली आणि दुसऱ्या बाजूनं थर्माकोलचा तुकडा टेकवला, डोळ्यात ठिपकाभर उजेड येण्यापुरता. एक फोटो काढला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. असा चेहरा मी त्याआधी कधी काढला नव्हता.

मग सवय आडवी आली. पोरीचं भलं व्हायचं तर ती उजळ दिसायला हवी, असं मला मनापासून वाटलं. तो फोटो पुसला, छत्र्या समोर ओढल्या आणि धडाधड दहा काढले. त्यातला सगळ्यांत गोरा बाईंना पाठवला. एक मोठा करून तिलाही भेट दिला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. "ही कोण पाठवलीत? मला शोमध्ये तिसरी चालत आली ती काळी मुलगी हवी. दोन दिवस थांबते."

मला स्वतःची लाज वाटली. दुकानात निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टुडिओत आली ती पावडरचा थर लावूनच. थर मानेपाशी संपला होता. बाई काय म्हणाल्या ते मी तिला सांगितलं. माठातल्या पाण्यात फडकं भिजवून दिलं, तिनं निमूट तोंड पुसलं. खिडकीला जाड पडदा, एका बाजूला पिवळा बल्ब, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. फोटो पहिल्यापेक्षाही चांगला आला. मी कॅमेरा तिच्यासमोर धरला.

तिनं वाकून पाहिलं. "तुमी दिलेला फोटो मायनं भिंतीला लावलाय," ती म्हणाली. "गल्लीतल्या बाया बघाया येतात. मी बी रोज बघते. मी अशी दिसते, मला ठाऊकच नव्हतं."

"अगं, पण त्यांना हीच हवी आहे. काम मिळेल तुला."

"हिला?" तिनं कॅमेऱ्याकडं बोट केलं. "हिला कोन काम देईल, सर? त्या बाई मजाक करायल्यात. पुसून टाका. माझ्यासमोर पुसा."

मी तासभर समजावलं. बापाचा खोकलाही मध्ये आणला. ती ऐकेना. काळा चेहरा पुसायचा असतो हे तिला मीच शिकवलं होतं, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मी पुसला. तो गेल्याची तिनं कॅमेऱ्यात बघून खात्री करून घेतली. मग पिशवीतून पावडरचा डबा काढला आणि माझ्याच आरशासमोर बसून पुन्हा तोंडाला लावू लागली.