डावीकडे न वळणारे आमचे साडू

बहारीनच्या बेटावर आमच्या साडूंइतका जपून गाडी चालवणारा माणूस आजवर झाला नाही, आणि जपून चालवल्याबद्दल त्यांच्याइतके हॉर्न ऐकून घेतलेला तर त्रिखंडात सापडायचा नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते, गुदैबियात राहायचे. नव्वदच्या दशकात निम्म्या बेटाच्या ओळखीची झालेली त्यांची पांढरी गाडी ताशी चाळीसच्या वर कधी गेली नाही. तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्यांना आडवं जायचं. साडूंनी यावर साधा उपाय काढला होता. डावीकडे वळायचंच नाही. अगदीच जायचं असेल तर तीनदा उजवीकडे वळायचं. गुदैबियाहून नईमला माझ्या घरी यायला इतरांना दहा मिनिटं लागायची. साडू पाऊण तासानं उगवायचे आणि वर समाधानानं म्हणायचे, "वाटेत बरंच बहारीन बघून झालं." मेहुणी गाडीत मटार सोलायला घेऊन बसायची. लेक मागून ओरडायची, "पप्पा, वॉटर टँकरनेपण ओव्हरटेक केलं!" त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं, "जाऊ दे बाळा, लोकांना पाण्याची घाई असते."

कोणी पाहुणा गाडीत बसायचा असला, की आधी तालीम व्हायची. ट्रेसिंग पेपरवर रस्ता काढायचा, त्यावर गोल चौक, सिग्नल, शाळा, आणि कुठल्या गल्लीतून कोण न बघता बाहेर येतं याच्या खुणा. मग शुक्रवारी सकाळी, सुट्टीचे रस्ते मोकळे असताना, तो रस्ता एकदा चालवून यायचं. तोही रिकाम्या गाडीनं नाही, कारण भरलेल्या गाडीचा ब्रेक वेगळा लागतो. पाहुण्याच्या वजनाचं तांदळाचं पोतं मागच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावायचे. एकदा ट्रॅफिक पोलिसानं थांबवून विचारलं, हे काय? साडूंनी अदबीनं खुलासा केला, "साहब, ये मेरी साली की सास है. अभी प्रॅक्टिस है, असल में दस बजे आएगी." पोलिसानं पोत्याकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं, आणि "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, लवकर निघा, म्हणत हात हलवला. तेव्हापासून साडू म्हणायचे, "एक लक्षात ठेवा, यल्ला म्हणणाऱ्याच्या गाडीत कधी बसू नये."

ती साली की सास म्हणजे माझी आई. कराडकडच्या आमच्या गावातून ती व्हिजिट व्हिसावर तीन महिने आली होती. माझे मामा वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपच्या अपघातात गेले, तेव्हापासून ती कुठल्याही गाडीत डोळे गच्च मिटून बसायची. बेट दाखवायला आणलेल्या बाईनं बेट बघायचंच नाही, अशी पंचाईत. मी समजावून थकलो. साडूंनी समजावलं नाही, फक्त दर शुक्रवारी तिला चाळीसच्या वेगानं फिरवून आणलं. तिसऱ्या शुक्रवारी एअरपोर्टकडे नेणाऱ्या मुहर्रकच्या पुलावर मागून आवाज आला, "पावणं, दोन्ही अंगांला समुद्र हाय की वो!" साडूंनी आरशात बघितलं आणि वेग तीसवर आणला. मग ती वाळवंटातलं एकटं उभं असलेलं झाडसुद्धा बघून आली. त्याच्या बुंध्याशी आपल्या बाटलीतलं सगळं पाणी ओतून म्हणाली, "एवढ्या उन्हात कोण हाय त्याला?" परतताना साडूंच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून झाल्यावर तिनं जाहीर केलं, "जाताना मला इमानापत्तोर पावण्यांनीच सोडायचं." साडू म्हणाले, "शब्द दिला."

इथवर हसत सांगितलं. पुढचं सांगताना तसं हसू येत नाही.

ऑफिसातल्या एका मित्रानं तेव्हा नवी मोठी गाडी घेतली होती. त्याच्यासह सगळ्यांनी मला एकदा साडूंच्या गाडीत, मागं हॉर्न वाजवणारी वरात घेऊन जाताना पाहिलं होतं, आणि आठवडाभर माझी टर उडवली होती. आई निघायची तारीख आली तेव्हा मित्र म्हणाला, मी सोडतो. मला वाटलं, गावाकडं जाऊन आईनं सांगावं, लेकानं कसल्या गाडीतून धाडलं. साडूंच्या गाडीनं विमान चुकेल, अशीही मी स्वतःची समजूत घातली. खरं तर साडूंना आयुष्यात कधी उशीर झाला नव्हता; ते तेवढे आधी निघायचे. मी आईला सांगितलं, साडूंना अचानक ड्युटी लागली. साडूंना फोन करून सांगितलं, कंपनी गाडी देतेय. त्यांनी रजा टाकली होती, पोत्यासह तालीमही झाली होती. तरी ते म्हणाले, "बरं झालं. कंपनीचे ड्रायव्हर चांगले असतात. फक्त पुलावर हळू घ्यायला सांगा."

मी सांगितलं नाही. पुढच्या सीटवर बसून मित्राशी गाडीच्या एसीबद्दल बोलत राहिलो. बारा मिनिटांत एअरपोर्ट आलं. गार हवेत आईला डुलकी लागली असावी, मी खांद्याला हलवून तिला उठवलं. आत जाताना ती एवढंच म्हणाली, "पावणं भेटलं असतं तर बरं झालं असतं." नंतर भाचीकडून लिहून घेतलेल्या तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, पावण्यांची ड्युटी सुटली का? ती ओळ मी साडूंना कधी वाचून दाखवली नाही. दोन वर्षांनी आई गावाकडंच वारली. बेटावर परत आलीच नाही.

पुढं साडू नोकरी संपवून कायमचे मायदेशी निघाले. त्यांना सोडायला मी गेलो. आदल्या शुक्रवारी सकाळी मागच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवून, त्याला बेल्ट लावून मी रस्ता चालवून आलो होतो. कोणाला सांगितलं नव्हतं. सोडायच्या दिवशी मी एकदाही डावीकडे वळलो नाही. साडू शेजारी बसून प्रत्येक वळण मोजत होते. पुलाच्या तोंडाशी म्हणाले, "तालीम केलेली दिसते." मला राहवलं नाही. कंपनीची गाडी नव्हती, मी तुम्हाला खोटं सांगितलं, असं एका दमात बोलून टाकलं.

"माहीत आहे," साडू म्हणाले. "रजा होतीच, तालीम फुकट कशाला घालवा म्हणून मी आलो होतो. तुमच्या आधी तासभर पोचलो. लांबून बघितलं, गाडी कंपनीची नव्हती."

"मग हाक का नाही मारली?"

"तुम्ही काय सांगितलंय त्यांना, मला काय ठाऊक? आईसमोर लेकाला खोटं पाडायचं का? त्या सुखरूप पोचल्या, खलास." मग म्हणाले, "गाडी थांबली तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते, साडू. तुम्ही हात लावलात तेव्हा उघडले."

काटा चाळीसवर होता, तो मी तीसवर आणला. पुलाच्या दोन्ही अंगांना समुद्र होता. आईचा तो शेवटचा समुद्र, आणि तिला तो माझ्यामुळं बघता आला नाही.