मान वर झाली तो दिवस

१४ मार्चला कापाकापी होऊन कानामात्राच्या हातात पगाराचे नऊ हजार चारशे साठ रुपये पडले आणि त्याच दुपारी 'डिक्टेटर'चं पान तपासायला आलं. कानामात्रा म्हणजे शब्दकोशाच्या कचेरीतला मुद्रितशोधक. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. समोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचायचा तो त्याचा मेव्हणा. मेव्हण्याने विरामचिन्हांसकट एका सुरात वाचायचं आणि छापील पानात जे सुटलं असेल ते कानामात्राने मान वर न करता समासात लिहायचं, अशी त्यांची जुनी रीत.

"डिक्टेटर, नाम, पुल्लिंग. लॅटिन. मूळ अर्थ, वारंवार सांगणारा, सांगून लिहवून घेणारा, पूर्णविराम. प्राचीन रोममध्ये संकटकाळी नेमलेला सर्वाधिकारी, अर्धविराम, मुदत फार तर सहा महिने, पूर्णविराम." आणि मेव्हणा त्याच सुरात पुढे म्हणाला, "आमच्याकडच्याचे सहा महिने एकोणीस वर्षं झाली तरी संपेनात, पूर्णविराम."

एरवी असल्या थट्टेवर कानामात्रा "पुरे, शहाण्या" म्हणायचा. त्या दिवशी डोक्यात पगाराची वजाबाकी चालली होती. कानांनी ऐकलं, हाताने समासात उतरवलं. खाली सही झाली. पान छापून बाहेर पडलं.

आठवड्याने दोन माणसं आली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं. चूक माझीच."

"तुम्ही ऐकलेलं लिहिता, काका. सांगितलं कुणी?"

कानामात्राची नजर उचलली गेली आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन थांबली. तेवढं पुरलं.

मेव्हणा उठला. "असू दे, दाजी. ताईला सांगा, जेवायला थांबू नकोस."

नंतर कानामात्राने सगळ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. असा कुणी इथे आणलेलाच नाही, हे एकच उत्तर. घरी बायको ताट वाढून पाठ फिरवून बसते. एकदाच म्हणाली, "जन्मभर मान खाली घालून काम केलंत. नेमकी त्याच दिवशी वर करायची होती?"

पान नव्याने छापलं. त्यातून मूळचे 'सहा महिने'ही गाळले गेले. आता मूळ प्रत कानामात्राच वाचतो आणि तोच तपासतो, पुटपुटत.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या वहीत मात्र मेव्हण्याचं नाव अजून आहे, सतरा रुपये येणे.