झेंडूतली फुलं
चुरगळलेल्या झेंडूचा उग्र वास आला की मला शिरूरच्या कॉलेजातला वनस्पतिशास्त्राचा माझा पहिला तास आठवतो. मी तासिका तत्त्वावर नुकतीच लागले होते आणि त्या सकाळी दौंडहून एसटीनं येताना मांडीवर झेंडूची पिशवी घेऊन अख्खा तास मनात घोकत आले होते. विभागप्रमुख शेवटच्या बाकावर वही उघडून बसले होते. मला ठेवायचं की नाही, ते तेच ठरवणार होते. सगळ्यांना एकेक झेंडू आणि भिंग वाटून मी म्हणाले, “हे एक फूल नाही, हा फुलांचा गुच्छ आहे.” तशी न्हावरे गावची एक मुलगी ताडकन उठली. “न्हाई मॅडम, आमच्या रानात झेंडूच हाय. हे एकच फूल हाय.” वर्ग हसला. पुस्तकातली व्याख्या तोंडाशी आली होती, ती मी गिळली आणि विचारलं, “झेंडूचं बी कसं काढता गं?” “वाळलेल्या फुलाची पाकळी उपटायची. बुडाला बी असतं.” “एकाच पाकळीच्या?” “न्हाई, सगळ्या...” म्हणता म्हणता ती थांबली. तिनं हातातल्या झेंडूची एक पाकळी उपटली, भिंगाखाली धरली आणि बघतच राहिली. “व्हय की मॅडम, हिला हिचं येगळं बी हाय. ही पाकळी न्हाई, हेच आख्खं फूल हाय!” सगळा वर्ग पाकळ्या उपटायला लागला. मागं पाहिलं तर विभागप्रमुखांनीही वही बाजूला ठेवून झेंडू सोलायला घेतला होता. तास संपल्यावर ते एवढंच म्हणाले, “उद्या किती वाजता येताय?” अजूनही मी तासिका तत्त्वावरच आहे, पण वर्गासमोर उभं राहायची भीती त्या दिवशी गेली ती गेलीच.