काझी सर आणि मुका ‘एल’

काझी सर वर्गात शिरले की आधी टेबलावर डस्टर आपटायचे आणि छपराचे पत्रे थरथरतील अशा आवाजात ओरडायचे, “बी काम!” खडूची धूळ उडायची, मागच्या बाकावरची पोरं दचकून उभी राहायची आणि त्यांतलं एखादं हमखास विचारायचं, “कोणतं काम, सर?”

“अरे बाबा, ते काम न्हाई, हे काम!” सर फळ्यावर सी-ए-एल-एम ही इंग्रजी अक्षरं लिहायचे आणि त्यातल्या ‘एल’भोवती गोल काढायचे. “हा एल मुका हाय. दिसतो, पण बोलत न्हाई. काम म्हणजे शांत!” पोरांच्या कानांना दोन्ही शब्द सारखेच ऐकू यायचे. सरांना मात्र त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसायचं.

मी नांदेडहून शिरूर अनंतपाळजवळच्या त्या शाळेत मराठी शिकवायला गेले. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत बोलून गेले, “माझा वर्ग अगदी काल्म होता.” सरांचा चहाचा कप वाटेतच थांबला.

“बाई, त्या मुक्या जिवाला कशाला बोलायला लावता?” मग त्यांनी मला बसवून शिकवलं. “सायलेन्स म्हणजे तोंड बंद. पीस म्हणजे भांडण बंद. आन् काम म्हणजे आतली धडधड बंद. उर्दूत त्याला सुकून म्हणतात. तुमच्या मराठीत काय म्हणतात?”

“शांती,” मी म्हणाले.

“ती पोथीतली झाली.”

“निवांत?”

“तो रविवार झाला, बाई!”

स्वतः सरांना हा सुकून रविवारीसुद्धा मिळत नसे. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी तिच्यातलं इंग्रजी तपासायचे आणि अक्षता टाकायच्या आधी वरबापाला चुका सांगायचे. त्यांना जेवायला बोलवायचं, पण पत्रिका द्यायची नाही, असं गावानं शेवटी ठरवून टाकलं होतं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. हाताला काम नव्हतं, विहिरींना पाणी नव्हतं. रोजगार हमीतून पाझर तलाव व्हावा म्हणून गावानं दोनदा अर्ज दिला होता. अशात एक मोठे साहेब पाहणीला आले. ते दक्षिणेकडचे होते. मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. शाळेच्या मैदानात जीप थांबली आणि गर्दीनं तिला घेरलं. बायकांच्या पुढे गंगाबाई होती, कमरेवर रिकामी घागर घेऊन. मागे कुणीतरी दगड उचललेला मी पाहिला.

सरपंचांनी काझी सरांना ओढतच पुढे आणलं. “मास्तर, तुमीच बोला, इंग्रजीत.”

सरांनी तोंड उघडायच्या आत साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, “फर्स्ट, काम! देन वुई टॉक!”

गर्दी थबकली. ‘फर्स्ट’ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं; पोरं शाळेत फर्स्ट येतच होती. “आधी काम म्हणतोय गं!” गंगाबाई ओरडली. टाळ्या पडल्या. दगड खाली पडला. आपल्या एका शब्दाची ही करामत पाहून साहेबांना हुरूप आला. “येस, येस! काम! एव्हरीबडी, काम!”

“समद्यायला काम!” सरपंचांनी कुणी न मागता भाषांतर करून टाकलं.

मी सरांकडे पाहिलं. चूक दुरुस्त करताना वर जायचं ते त्यांचं बोट आताही वर गेलं होतं.

“खरं हाय न्हवं, मास्तर?” गंगाबाईनं विचारलं.

बोट तसंच हवेत राहिलं. मग हळूच खाली आलं. सर साहेबांच्या कानाशी वाकून इंग्रजीत म्हणाले, “साहेब, आपला उच्चार बिनचूक आहे. पण ह्या लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ रोजगार होतो. मी आता दुरुस्ती केली, तर तो दगड परत वर येईल.”

साहेबांनी वर केलेले हात खाली घेतले. मग त्यांनी गंगाबाईच्या घागरीत डोकावून पाहिलं, सरपंचांकडून अर्ज मागून घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि आठ दिवसांत माणूस पाठवतो म्हणाले.

ते आठ दिवस सरांनी डस्टर आपटला नाही. शाळा सुटली की फाट्यावर जाऊन उभे राहत आणि धूळ दिसली की टाचा उंचावून बघत. जेवणसुद्धा सुटलं होतं. एकदा मला म्हणाले, “बाई, मी खोटं बोललो का हो?”

“तुम्ही गावाशी काहीच बोलला नाहीत, सर.”

“तेच तर!”

नवव्या दिवशी जीप आली. मोजणीची टेप आणि चुन्याची पोती घेऊन माणसं उतरली आणि पुढच्याच सोमवारी माळावर टिकाव पडला.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला त्या तलावावरची दुपार दिसते. आम्ही दोघं काम बघायला गेलो होतो. गंगाबाईनं मातीची पाटी खाली ठेवली, सरांना मुरमाच्या ढिगावर बसवलं आणि हातावर अर्धी भाकरी ठेवली.

“मास्तर, एक सांगू? राग मानू नका. त्या साहेबाचं इंग्रजी लई सोपं हाय. एका झटक्यात समद्यायला कळलं. तुमचंच मेलं अवघड हाय.”

मी सरांच्या बोटाकडे बघत होते. त्या बोटानं भाकरीचा तुकडा मोडला.

“हाव बाई,” सर म्हणाले, “शिकलेला माणूस हाय तो. जरा ठेचा दे.”